खेळ नक्की कोणी बनवला? पडद्यामागचा जपानी स्टुडिओ शोधताना

डब्यावर नाव प्रकाशकाचं, श्रेयनामावलीतही त्याचंच. प्रत्यक्ष काम मात्र तिसऱ्याच कंपनीचं. जपानी गेम-उद्योगात हे सर्रास चालतं. क्योटोची तोसे ही 1979 सालची कंपनी तर यासाठीच ओळखली जाते. गुप्ततेचा करार असला की ती स्वतःचं नाव येऊ देत नाही. अपवाद थोडे, जसे निन्टेन्डोसोबत कॉपीराइटमध्ये तिचं नाव असलेली ‘देन्सेत्सु नो स्ताफी’ मालिका.

सुरुवात श्रेयनामावलीपासूनच करा, पण आवृत्ती आधी ठरवून घ्या. ‘क्रोनो ट्रिगर’ हा खेळ 1995 चा, स्क्वेअर कंपनीचा. 1999 ची प्लेस्टेशन आवृत्ती तोसेने उतरवली. मूळ चमूची नावं वाचून पोर्ट, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर उतरवलेली आवृत्ती, कोणी केला ते कळत नाही. ऐंशीच्या दशकातल्या खेळांत तर माणसांचीही टोपणनावं सापडतात, कारण दुसरी कंपनी माणसं पळवील ही प्रकाशकांना धास्ती.

प्लेस्टेशनची डिस्क असेल तर स्वतःच्या प्रतीची इमेज (पूर्ण डिस्कची फाइलरूपी नक्कल) काढून हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइल बाइट-बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडा. डिस्क सेक्टर नावाच्या समान तुकड्यांत विभागलेली असते; सेक्टर 16 मध्ये डिस्कची ओळखपत्रिका असते. 2048 बाइटच्या सेक्टरची इमेज असेल तर ती 32768 व्या ऑफसेटला (फाइलच्या सुरुवातीपासून तितक्या बाइटवर) सुरू होते. तिथून 318 बाइट पुढे प्रकाशकाचं नाव, 446 वर डेटा तयार करणाऱ्याचं, 813 वर तारीख. इमेज 2352 बाइटच्या सेक्टरची, कच्ची असेल तर सुरुवात 37656 ला धरा (16 × 2352, अधिक 24). बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, चुकीच्या जागी पाहतात आणि ‘काहीच नाही’ म्हणून सोडून देतात. नाव मिळालं तरी हुरळू नका, कारण त्या रकान्यात पुष्कळदा प्रकाशकच स्वतःचं नाव भरतो. रकाना रिकामा असला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या रॉममध्ये (कार्ट्रिजमधल्या डेटात) सरळ शब्द शोधून उपयोग नाही. तिथे अक्षर म्हणजे टाइलचा, म्हणजे पडद्यावरच्या छोट्या चित्रचौकटीचा, क्रमांक, आणि तो प्रत्येक खेळात वेगळा. त्यासाठी सापेक्ष शोध करा, म्हणजे अक्षरांऐवजी त्यांच्यातलं अंतर शोधा. रोमन लिपीत टी-ओ-एस-ई साठी ते −5, +4, −14 येतं. टाइल वर्णक्रमाने लावलेल्या नसतील तर हाही शोध फसतो; मग एमुलेटरच्या (संगणकावर जुना कन्सोल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) टाइल व्ह्यूअरमध्ये अक्षरांचा क्रम बघून, कोणता क्रमांक कोणतं अक्षर हा तक्ता हाताने बनवायचा. ध्वनीचा ड्रायव्हर ताडून पाहणं हा त्याहून भक्कम मार्ग. दोन खेळांत वादन हाताळणारा कोड जवळपास सारखा असेल, तर एकाच कारखान्याचा माल असण्याची शक्यता बरीच. अर्थात ड्रायव्हर विकत किंवा उसनाही घेता येतो.

शेवटी कागद. तोसे शेअर बाजारात आहे, कोड 4728. जपान सरकारच्या एडिनेट संकेतस्थळावर हा कोड टाकून वार्षिक अहवाल उघडा. आर्थिक वर्ष ऑगस्टअखेर संपतं, त्यामुळे अहवाल नोव्हेंबरच्या आसपास येतो. विक्रीच्या तक्त्याखाली, एकूण विक्रीत 10 टक्के वा अधिक वाटा असलेल्या ग्राहकांची नावं असतात. यातून गिऱ्हाईक कळतं, खेळ नाही. पण संशयितांची यादी लगेच आखडते.

एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे जुळले तरच नाव लिहा. चाहत्यांच्या दोन याद्या म्हणजे दोन पुरावे नव्हेत. बहुधा एकीनं दुसरीवरून उतरवलेलं असतं.