चुनखडीच्या लहान खाणी आणि तपासणी: या चुका टाळा

उत्तर कर्नाटकातील लोकापूर, मुधोळ, रामदुर्ग आणि यादवाड या परिसरात कलादगी खोऱ्यातील चुनखडी काढणाऱ्या लहान खाणींच्या तपासणीत जे दोष निघतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ एकच असते: खड्डा पुढे सरकतो आणि कागद जुन्याच जागी राहतो.

सर्वांत महागात पडते ती सवलतीविषयीची समजूत. ‘आमची खाण लहान, आम्हाला खाण सुरक्षेचे नियम लागत नाहीत’ असे अनेक मालक मनापासून मानतात. १९५२ च्या खाण कायद्यापासून चालत आलेली ही सवलत खरी आहे. परंतु उघड्या खाणीची खोली सर्वांत उंच बिंदूपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंत कोठेही ६ मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसे कामावर नसावीत आणि स्फोटके वापरलेली नसावीत, या तिन्ही अटी एकत्र पाळल्या तरच ती मिळते. पाणी साठवण्यासाठी एका कोपऱ्यात खणलेला खड्डा किंवा घट्ट थर फोडण्यासाठी एकदाच केलेला स्फोट सवलत संपवण्यास पुरेसा ठरतो. म्हणून पावसाळ्यानंतर सर्वेक्षकाकडून खोली मोजून घ्यावी आणि मर्यादा ओलांडण्याची चिन्हे दिसताच, खाण सुरक्षा महासंचालनालयाला आधी कळवून मगच काम पुढे न्यावे.

दुसरा दोष बाकांचा, म्हणजे खाणीच्या कडेला कापलेल्या पायऱ्यांचा (बेंचचा). इकडे चुनखडीवर काळ्या मातीचा थर असतो. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि सरळ उभी कापली तर पहिल्या मोठ्या पावसात खाली येते. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ मधील नियम १०६ नुसार अशा भुसभुशीत जमिनीचा उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नसावा, किंवा बाकाची उंची १.५ मीटरच्या आत ठेवून रुंदी किमान तेवढीच राखावी. घट्ट खडकातही, वेगळी परवानगी नसल्यास, बाक ६ मीटरपेक्षा उंच चालत नाही. काठापासून ३ मीटरच्या आत सुटे दगड, झाड किंवा राडारोडा ठेवता येत नाही. बाक आधीच उंच झाला असेल तर खालून पोखरून तो ‘कमी’ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. खालच्या भागातील माणसे आणि वाहने हटवून, वरची माती मागे सारून, काम वरून खाली आणावे. यात काही दिवसांचे उत्पादन बुडते हे मान्य. पण दरड खाली काम करणाऱ्यांवर कोसळते, आणि ती भीती मला दंडाच्या रकमेपेक्षा मोठी वाटते.

हद्दीच्या बाबतीत शेजाऱ्याच्या बांधापर्यंत दगड काढण्याचा मोह आवरावा, कारण खाणीच्या हद्दीपासून ७.५ मीटरचा पट्टा सोडावाच लागतो. सीमाखांब पिवळे, वरचे १० सेंटिमीटर लाल आणि कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश लिहिलेले असावेत. ट्रॅक्टरच्या धडकेने पडलेला खांब अंदाजाने पुन्हा उभा करू नये. मोजणी करूनच बसवावा.

कागदपत्रांत आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. बांधकामाच्या चुन्याच्या भट्टीसाठी काढलेली चुनखडी २०२५ पर्यंत गौण खनिजात मोडत असे आणि तिचा कारभार राज्याच्या खाण व भूविज्ञान खात्याकडे असे. आता चुनखडी प्रमुख खनिज धरली जात असल्याने केंद्राच्या भारतीय खाण ब्युरोकडे मासिक विवरण पुढील महिन्याच्या १० तारखेच्या आधी आणि वार्षिक विवरण १ जुलैच्या आधी भरावे लागते. सुरुवातीचा साठा अधिक उत्पादन वजा पाठवलेला माल हा हिशेब वजनकाट्याच्या पावत्या, वाहतूक परवाने आणि प्रत्यक्ष ढिगाशी जुळला नाही, तर स्वामित्वधनाचाही (रॉयल्टीचाही) प्रश्न उभा राहतो. महिनाअखेरीस ढीग मोजला, तर फरक ताजा असतानाच सापडतो.

सूचनाफलक केवळ कन्नडमध्ये किंवा केवळ मराठीत लावून काम संपत नाही. ड्रिलवर आणि ट्रॅक्टरवर असणाऱ्या माणसाला वाचता येईल त्या भाषेत तो हवा, आणि वाचता न येणाऱ्याला स्फोटापूर्वीचा भोंगा व सुरक्षित जागा प्रत्यक्ष दाखवायला हवी.

उल्लंघनाचे पत्र आलेच, तर ‘दुरुस्ती केली आहे’ एवढ्या एका ओळीचे उत्तर पाठवू नये. पत्रातील प्रत्येक मुद्द्यासमोर काय केले, कोणत्या तारखेला केले आणि आता माप किती आहे ते लिहून, नव्या मोजणीचा छेद (खाणीचा उभा नकाशा) व छायाचित्रे जोडून, व्यवस्थापकाच्या सहीने मुदतीच्या आत पोहोचवावे. जे काम राहिले असेल त्याची पूर्ण होण्याची तारीखही त्याच पत्रात द्यावी.