डॉग शोचा कुत्रा हरवला तर काय करायचं (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांसाठी)

सगळ्यात आधी, ज्या जागेवरून कुत्रा सुटला तिथे एक माणूस बसवा. घरचा किंवा कुत्र्याच्या ओळखीचा, आणि त्याला सांगून ठेवा की काही झालं तरी इथून हलायचं नाही. होतं काय की सगळेच गाड्या काढून चारी दिशांना पळतात आणि तासाभराने कुत्रा परत त्याच जागेवर येऊन बघतो तर तिथे कोणीच नाही, मग तो जो निघून जातो तो जातोच. शोचा कुत्रा प्रवासात क्रेटमध्ये, म्हणजे दाराच्या पेटीवजा पिंजऱ्यात, राहायला शिकलेला असतो, क्रेट म्हणजे त्याचं घर, त्यामुळे क्रेट तिथेच ठेवा, दार उघडं ठेवून सुतळीने मागे बांधून टाका म्हणजे वाऱ्याने आपटणार नाही, आत त्याची वापरलेली चादर, धुतलेली नाही, आणि बाजूला पाणी. कुत्रा हँडलरकडे, म्हणजे शोमध्ये त्याला फिरवणाऱ्याकडे, राहत असेल तर तुमचा नाही, हँडलरचा घामाचा टी-शर्ट ठेवा. मालक तुम्ही असाल पण वास त्याला हँडलरचा ओळखीचा आहे, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

दुसरं, त्याच्या मागे पळू नका. खरंच नका. गावातली पोरं मदतीला येतात, मनापासून येतात, दहा बाईक निघतात आणि "तो बघ तो बघ" करत कुत्र्याला पार नदीपलीकडे पोचवतात. कारवान हाउंड असेल तर विषयच संपला, तो सशामागे पळायलाच बनलेला आहे, तुमच्या शाईनला काय हाती लागणार. आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही, घाबरलेला कुत्रा दोन-तीन दिवसांनी स्वतःच्या मालकालासुद्धा ओळखत नाही. म्हणजे ओळख विसरत नाही, पण डोक्यात फक्त पळायचं एवढंच उरतं, हाक मारली की अजून पळतो. तो दिसला की उभे राहू नका, खाली बसा, तोंड दुसरीकडे करून, डोळ्यात बघू नका. शोमध्ये हँडलर ज्या पिशवीतून उकडलेली कलेजी देतो तीच पिशवी चुरचुरवा, एखादा तुकडा बाजूला टाका, हळू आवाजात काहीतरी बडबडत राहा, आईशी फोनवर बोलतो तसं. अर्धा तास लागू दे, एक तास लागू दे. हात लागला तरी कॉलर धरायला झडप घालू नका, शो लीड (शोमध्ये गळ्यात घालायची बारीक दोरी) हातात तयार असेल तर हळूच गळ्यात सरकवा, ती त्याच्या सवयीची आहे. आणि हाक मारायची वेळ आलीच तर घरचं नाव घ्या, कागदावरचं केनेलच्या आडनावासकट लांबलचक नाव त्याने कधी ऐकलेलंच नसतं.

आता शोधायचं कुठे. माझं सरळ मत आहे की तुम्ही कुत्रा शोधायला निघू नका, कुत्रा पाहिलेला माणूस शोधायला निघा. आपल्या भागात पहाटे चारला कोण जागं असतं ते आठवा: दूधवाले, पाटाचं पाणी सोडणारे, रात्रीची लाईट असते म्हणून मोटर चालू करायला शेतात गेलेले शेतकरी, केळीच्या गाड्या भरणारे मजूर, जिनिंगचे वॉचमन. गावात असाल तर घंटागाडीवाला, तो रोज प्रत्येक गल्लीत जातो आणि त्याच्या गाडीवर स्पीकर पण असतो. रेल्वे लाईनच्या जवळ सुटला असेल, म्हणजे भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, अमळनेर वगैरे, तर स्टेशन मास्तरच्या आधी कीमनला गाठा, तो रोज रूळ बघत पायी चालतो, रुळाच्या बाजूला काय पडलंय काय बसलंय त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. साक्री, शिंदखेड्याकडे ठेलारी मेंढपाळ भेटतील, त्यांना जरूर विचारा, त्यांच्या वाड्याजवळ परका कुत्रा आला की त्यांच्या कुत्र्यांनी रात्रभर दंगा केलेला असतो, त्यामुळे त्यांना वेळसुद्धा पक्की सांगता येते. आणि चिकन-मटणाची दुकानं. तिसऱ्या दिवशी भूक लागली की कितीही लाडाचा कुत्रा असो तिथेच येतो, लाजत लाजत, बाकीच्या कुत्र्यांच्या मागे उभा राहतो.

विचारायचं कसं याला पण महत्त्व आहे. "आमचा इंपोर्ट लाईनचा डॉबरमॅन पाहिला का" असं विचाराल तर समोरचा नाहीच म्हणणार, त्याला माहीतच नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय. कारवान तर खेड्यात कोणालाही साधा शिकारी कुत्रा वाटतो, बारीक पोटाचा, उपाशी दिसणारा, कोण लक्ष देतंय. त्यापेक्षा "भाऊ, आठे लांब तोंडना कुत्रा दखा का?" असं अहिराणीत विचारा, उंची हाताने दाखवा, शेपूट कशी आहे ते सांगा. आणि नुसतं "पाहिला का" नको, "कोणाच्या मळ्यात नवीन कुत्रं येऊन बसलंय का" हे विचारा, कारण बऱ्याच वेळा कुत्रा कोणीतरी चांगल्या मनाने बांधून ठेवलेला असतो आणि भाकरी घालत असतो, त्याला वाटतं कोणीतरी सोडून दिलाय. पोलीस पाटील, सरपंच, ग्रामपंचायतीचा शिपाई यांना फोटो पाठवा, मंदिरावरचा भोंगा असतो त्यावरून एकदा सांगायला लावा. ज्याने पाहिलं असेल त्याला तीन गोष्टी विचारा, किती वाजता, तोंड कोणत्या गावाकडे होतं, चालत होता की पळत, आणि त्या कागदावर नकाशात खुणा करून मांडा. दोन-चार खुणा झाल्या की लक्षात येतं की तो एका पट्ट्यात फिरतोय.

उन्हाळा असेल तर पाणी आणि सावली एवढंच बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी कुत्रा चालणारच नाही, पग किंवा बुलडॉगसारखा चपट्या नाकाचा असेल तर तो जिथे सुटला तिथून फार लांब गेलेला नसतो, जवळच्या मोऱ्या, उभ्या ट्रकखालची सावली, बंद दुकानाचे ओटे हेच आधी बघा. बाकीचे केळीच्या बागेत शिरतात. यावल-रावेरकडे आत गेलात की कळेल, बाहेर भट्टी आणि आत गार, खाली ठिबकचं पाणी टिपकतंय, ओला पाला पडलाय, कुत्र्याला अजून काय पाहिजे. तिथे दिवसा हाका मारत फिरून उपयोग नाही, चार ओळींच्या पलीकडचं दिसत नाही. खाली वाकून ठिबकच्या नळीशेजारची ओली माती बघा, पायाचे ठसे तिथे स्पष्ट उमटतात, कारवानचे किंवा ग्रेहाउंडचे लांबट असतात, मधली दोन बोटं पुढे आलेली, गावठी कुत्र्याच्या गोल ठशात ते लगेच वेगळे दिसतात. रात्री जा, टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरून हळूहळू फिरवा, त्याचे डोळे चमकतात.

पण रात्री शेतात जाताना मालकाला सांगूनच जा. रानडुकरांसाठी कुंपणाला हलका करंट देणारं झटका मशीन लावलेलं असतं, ते परवडलं, पण काही लोक सरळ लाईनवरून आकडा टाकून तार सोडतात, त्यात माणूस मरतो. सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडे बिबट्या आहे हे पण लक्षात असू द्या, एकटे जाऊ नका. आणि विहिरी. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत ते मी सांगायला नको, त्या पट्ट्यातली एकूण एक विहीर वाकून बघा, रोज बघा. आत सापडला तर स्वतः उडी मारू नका, बाज उलटी करून चारी पायांना दोर बांधून सोडा, तो पोहत येऊन त्यावर चढतो, मग सगळ्यांनी एकसारखी वर ओढा.

पोस्टरचं सांगतो. शोमधला फोटो वापरू नका. शॅम्पू, ब्लो ड्राय, स्टॅकमध्ये, म्हणजे शोच्या ठरलेल्या पोझमध्ये, उभा, मागे ट्रॉफी, असा कुत्रा चार दिवसांनी रस्त्यावर दिसतच नाही. गोल्डन रिट्रीव्हर काळ्या मातीत लोळून राखाडी झालेला असतो, शेपटीला गोखरू आणि आघाडा चिकटलेला, पोट आत गेलेलं. म्हणून एक साधा घरातला फोटो, शक्यतो आंघोळीच्या आधीचा किंवा भिजलेला, बाजूने काढलेला. अक्षरं एवढी मोठी की चालत्या गाडीवरून वाचता येतील: कुत्रा हरवला, रंग, कुठून, फोन. आणि खाली एक ओळ ठळक टाका, "पकडू नका, पाठलाग करू नका, फक्त फोन करा". चॅम्पियन आहे, लाखाचा आहे, चॅलेंज सर्टिफिकेट मिळालंय, यातलं काहीही लिहू नका, ते वाचून भलतेच लोक शोधायला लागतात. बक्षीस आहे एवढंच लिहा, आकडा नको. पोस्टर चहाच्या टपरीवर, दूध डेअरीत, कृषी केंद्रात, पिठाच्या गिरणीवर, पेट्रोल पंपावर लावा आणि आठवड्याच्या बाजारात स्वतः वाटा, बाजाराला आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतली माणसं एका जागी येतात. व्हॉट्सॲपवर टाकाल तर तारीख टाका, नाहीतर सहा महिन्यांनी तोच मेसेज फिरत राहतो.

एक खूण मात्र कोणालाच सांगू नका, जिभेवरचा काळा डाग, पोटावरचा व्रण, काहीतरी. कारण फोन येणार, "भाऊ कुत्रा माझ्याकडे आहे, सेंधव्यापर्यंत आणून देतो, डिझेलचे पाच हजार फोनपे करा". त्याला शांतपणे ती खूण विचारा, किंवा म्हणा व्हिडिओ कॉल कर. बहुतेक वेळा तिथेच फोन कट होतो. पैसे कुत्रा हातात आल्यावर, समोरासमोर, दोन माणसं सोबत घेऊन. स्कॅनर पाठवला तर स्कॅन करू नका.

चिपबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नाही, त्यावरून कुत्रा कुठे आहे ते कळत नाही. कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, आत फक्त १५ आकडी नंबर, नाव नाही फोन नाही, आणि रीडर जवळ नेला तरच वाचता येते. म्हणून जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, इकडे बऱ्हाणपूर, तिकडे नवापूरमार्गे सुरत, जिथे जिथे पेट क्लिनिक आहे तिथे फोटो आणि नंबर देऊन ठेवा आणि सांगा की नुसतं खांद्यांच्या मधे स्कॅन करू नका, चिप सरकून खांद्यावर किंवा पुढच्या पायाकडे गेलेली असू शकते. सगळ्याच क्लिनिकमध्ये रीडर नसतो, आधी फोनवर विचारा. चिपचा नंबर पोस्टरवर मात्र कधीच नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाला (केसीआय, शोच्या कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था) चेन्नईला मेल टाकून ठेवा की या नंबरचा कुत्रा हरवलाय, म्हणजे उद्या कोणी नोंदणीच्या कागदांवर मालकी बदलायला गेलं तर निदान तुमचा मेल आधीचा असेल.

पोलिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. "कुत्र्यासाठी काय पोलिसात" असं तिथे कोणीतरी म्हणेलच, म्हणू द्या. चोरीचा संशय असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं, आणि यात एक बारकावा आहे, वस्तूची किंमत पाच हजारांच्या खाली असेल तर गुन्हा अदखलपात्र होतो, मग पोलीस आपणहून तपास करत नाहीत. त्यामुळे खरेदीची पावती, केसीआयचे कागद, शोच्या एंट्री असं सगळं अर्जाला जोडा, किंमत आकड्यात लिहा. ढाबा किंवा पंपावरून सुटला असेल तर सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा, काही दिवसांत जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं.

नगरपालिका किंवा महापालिकेला पहिल्याच दिवशी फोन करा, हे लोक विसरतात. भटके कुत्रे पकडणारी गाडी आली आणि तुमचा बिनपट्ट्याचा कुत्रा त्यात गेला तर नसबंदी करून कानाला खाच मारतात. घरच्या कुत्र्यासाठी नसबंदी वाईट गोष्ट नाही, पण शोच्या नराचं रिंगमधलं करिअर तिथेच संपतं, दोन्ही वृषणं असायलाच लागतात. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन इथले भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत तिथे सोडू नका असा आदेश दिलाय, त्यामुळे स्टँडवर दिसलेला कुत्रा उद्या तिथे नसेल तर शेल्टरला जाऊन स्वतः डोळ्यांनी बघा, फोनवरच्या "नाही हो असा कुत्रा"वर थांबू नका.

एका जागी दोनदा-तीनदा दिसला की मग फिरणं बंद. तिथे रोज ठरलेल्या वेळेला, संध्याकाळी, खायला ठेवा, कलेजी किंवा भाजलेले सुके बोंबील, वास लांब जातो. काही दिवसांत तो वेळेवर यायला लागतो. वेल्डिंगवाल्याकडून खटक्याचा पिंजरा करून घेता येतो, पण पिंजरा लावून घरी झोपायला जाऊ नका, आत भलतंच काही अडकतं किंवा सकाळी आठच्या उन्हात कुत्रा आत भाजतो.

सापडला की गाडीत बसवून काचा वर करा आणि मगच मिठ्या मारा, हातातून परत सुटलेले कुत्रे आहेत. भरपेट खायला घालू नका, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. पायाचे तळवे डांबराने भाजलेत का बघा, कानात आणि बोटांमध्ये गोचीड शोधा. डॉक्टरकडे नेलंत की चावल्याच्या खुणा दाखवा, रेबीजचा बूस्टर ते सांगतील, मादी माजावर असताना हरवली असेल तर ते पण सांगा. शोधताना तुम्हाला कोणी कुत्रं चावलं किंवा ओरखडलं असेल तर जखम साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन. गोचिडाचा ताप लगेच दिसत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी रक्त परत तपासा, तोपर्यंत पुढच्या शोची एंट्री भरू नका.

आणि पोस्टर काढा, स्वतः जाऊन.