हंडा कोपऱ्यात अडकला तेव्हा

कॉम्प्युटरवरचा गेम बनवायचं डोक्यात आलं तेव्हा मी आधी 14 पानं लिहून काढली. पात्रं, गावाचा नकाशा, दुकानातल्या तलवारींच्या किमती, सगळं. ऑफिसातल्या दोन मित्रांना फाइल पाठवली. दोघांनीही "भारी आहे" म्हटलं. सहावं पान माझ्याकडून चुकून दोनदा चिकटलं होतं, त्याबद्दल मात्र कुणीच अवाक्षर काढलं नाही. तेव्हा काय ते समजलो.

आता मी कल्पना एका ओळीत लिहितो, आणि त्या ओळीत दोनच गोष्टी बघतो: खेळणाऱ्याला काय करता येतं आणि काय येत नाही. जपानमध्ये 1982 साली आलेला सोकोबान हा गेम आठवा. गोदामातल्या पेट्या ढकलता येतात, ओढता येत नाहीत. सगळी गंमत त्या 'नाहीत'मध्ये आहे. ओढायची सोय दिली असती तर उरली असती नुसती हमाली.

माझी ओळ अशी होती: रिकामा हंडा ढकलला की भिंतीपर्यंत घरंगळत जातो, भरलेला एका वेळी एकच घर सरकतो. आजोळी नळाला तासभर पाणी यायचं आणि आम्ही पोरं हंडे लावायचो, तिथून हे सुचलं. सगळे हंडे भरून ओट्यावर न्यायचे, की लेव्हल संपली.

हे बनवायला मी पझलस्क्रिप्ट वापरलं. स्टीफन लॅव्हेल यांनी 2013 साली आणलेलं हे साधन फुकट आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. चौकटीतल्या कोड्यांसाठी याहून सोपं काही मला सापडलेलं नाही. नियम ओळीओळीने लिहायचे, लेव्हल अक्षरांनी आखायची. माझा पहिला चालता नमुना एका रविवारी दुपारी झाला. चित्रं नव्हती. निळा चौकोन म्हणजे भरलेला हंडा, करडा म्हणजे रिकामा. उड्या मारायचा किंवा गोळ्या झाडायचा गेम करायचा असेल तर गोदो हे इंजिन, म्हणजे गेम बनवायचं साधन, घ्या, तेही फुकट आहे. पण कुठलं इंजिन चांगलं या वादात दोन महिने घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. मीही त्यातलाच होतो.

नमुना लवकर का करायचा, याचं उत्तर टेट्रिसच्या, म्हणजे वरून पडणारे तुकडे रचायच्या गेमच्या, जन्मकथेत आहे. मॉस्कोत 1984 साली अलेक्सी पाजित्नोव यांच्यापुढे पेंटोमिनोचं कोडं होतं. पाच चौकोन जोडून होणारे 12 आकार. ते जास्त वाटले म्हणून त्यांनी चार चौकोनांवर आणले, आणि आकार 7 झाले. त्यांच्या इलेक्ट्रोनिका 60 यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून तुकडे कंसांच्या चिन्हांनी रंगवले. तरीही पडदा काही क्षणांतच भरून खेळ संपायचा. मग भरलेली ओळ नाहीशी करायची युक्ती आली. ही गरज कागदावर दिसली नसती, यंत्रावर लगेच दिसली.

मग दाखवायची वेळ. मी मावशीसमोर लॅपटॉप ठेवला. तिसऱ्या चालीत तिने हंडा कोपऱ्यात घातला. तिथून तो निघणं शक्यच नव्हतं, पण ती बाण दाबतच राहिली. मला राहवलं नाही.

"अगं मावशी, झेड दाब, मागे जाता येतं."

"मग ते लिहायचं ना कुठेतरी! मला काय स्वप्न पडतंय?"

पझलस्क्रिप्टमध्ये चाल मागे घेणं आयतंच मिळतं, पण मी ते कुठे सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून कुणी खेळत असताना मी तोंड उघडत नाही, फक्त वहीत टिपतो: कुठे थांबला, कुठे उसासा टाकला, काय दाबून पाहिलं. "आवडला का?" हे विचारू नका. आपल्याकडे समोरच्याचं मन मोडत नाहीत, उत्तर हो असंच येणार. "हे काय आहे असं वाटलं?" असं विचारा.

उड्या मारायच्या आर्केड गेममध्ये लोक तक्रार वेगळ्या भाषेत करतात. "बटण चालत नाही," म्हणतात. बटण ठीक असतं. पात्राच्या पायाखालची कड सुटल्यावर खेळणाऱ्याने निमिषभर उशिरा उडी दाबलेली असते. पडद्यावर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं, येत असतील तर कड सुटल्यावरही 6 फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, उडी चालू द्या. ही सवलत कुणाच्या लक्षातही येत नाही, तक्रार मात्र थांबते.

"कल्पना चोरली तर?" हे नवे लोक हमखास विचारतात. खेळाच्या नुसत्या नियमाला कॉपीराइट मिळत नाही, रूपाला मिळतो. टेट्रिसची हुबेहूब नक्कल करणाऱ्या कंपनीविरुद्ध 2012 साली अमेरिकेतल्या कोर्टाने निकाल दिला तो याच फरकावर. दुसरीकडे गॅब्रिएले चिरुल्ली यांनी 2014 मध्ये त्यांच्या '2048' नावाच्या गेमचा कोडच सगळ्यांसाठी खुला ठेवला. नवख्याची खरी अडचण चोरी नसते, कुणी ढुंकूनही पाहत नाही ही असते. म्हणून मी इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर गेम चढवतो. खेळणाऱ्याला काही उतरवून घ्यावं लागत नाही, ब्राउझरमध्येच सुरू होतो. मुदतीशिवाय हात हलत नसेल तर लुडम डेअरसारख्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवायच्या उपक्रमात, उतरा. तिथे एकट्याने 48 तासांत गेम करायचा प्रकार आहे. आणि दुसऱ्यांचे गेम खेळून त्यांना नीट अभिप्राय द्या, तरच तुमच्याकडे कुणी फिरकेल.

इच डॉट आयओवरच एका अनोळखी माणसाने माझी सातवी लेव्हल 11 चालींत सोडवली. माझ्या हिशेबाने 23 चाली लागायला हव्या होत्या. रिकामा हंडा भरलेल्या हंड्याला अडवून मध्येच थांबवता येतो, हे नियम लिहिणाऱ्या मला सुचलंच नव्हतं. मी रागाने तिथे भिंत घातली. दोन दिवसांनी काढली. आठवी, नववी आणि दहावी लेव्हल आता त्याच युक्तीवर उभी आहे.