ट्रेलर बॅक घेताना या चुका टाळा

इंदूरहून राहायचा ट्रेलर गाडीला जोडून चोरलच्या धरणाकडे निघालात की घाटाची धास्ती असते. घाट निभावतो. अडतं ते मुक्कामावर, झाडांमधल्या जागेत ट्रेलर मागे घालताना.

सगळ्यात महागात पडते ती गाडीतून न उतरता रिव्हर्स टाकण्याची चूक. आधी उतरा, जागेत चालून या. पहिल्या खेपेला मी जमिनीवरचे दगड, खुंट सगळं पाहिलं, पण वर पाहिलं नाही. कडुलिंबाच्या मनगटाएवढ्या फांदीने छतावरच्या झरोक्याचं झाकण उचकटून काढलं. त्यात आपली माळव्याची काळी माती. पावसाळ्यानंतर ती वरून वाळून भेगाळलेली दिसते, आत मात्र ओल धरून असते. टाच दाबून पाहा. टाच रुतली तर चाक रुतणारच; मुरमाड जागा शोधा.

व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतले लोक जागा डाव्या हाताला ठेवायला सांगतात, कारण तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. आपलं स्टेअरिंग उजवीकडे. म्हणून जागा उजव्या हाताला येईल अशा बेताने या, त्यासाठी मोठा वळसा पडला तरी पडू द्या. मग ट्रेलरचं चाक आणि मागचा कोपरा खिडकीतून थेट दिसतो. डावीकडे वळवलात तर उजव्या आरशातून ट्रेलर नाहीसाच होतो.

आता स्टेअरिंग. ते उजवीकडे फिरवलं की गाडीची शेपटी उजवीकडे जाते, हुक तिकडे ढकलला जातो आणि ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे फिरतो. हे उलटंपालटं गणित मनात करत बसू नका. हात स्टेअरिंगच्या तळाशी, घड्याळात सहाचा आकडा असतो तिथे धरा. ट्रेलर उजवीकडे हवा, हात उजवीकडे. डावीकडे हवा, हात डावीकडे. पण ट्रेलर वळू लागला की हात तिथेच धरून ठेवणं ही पुढची चूक. लगेच हात उलट न्या, म्हणजे गाडी ट्रेलरच्या मागोमाग वळते. लांबीने आखूड ट्रेलर झटकन फिरतो, लांब ट्रेलर जरा वेळ देतो. म्हणून लहान ट्रेलर सोपा, ही समजूत काढून टाका.

ट्रेलर दुमडायला लागला, म्हणजे त्याचा कोपरा बंपरकडे येऊ लागला, की थांबा. फार दुमडल्यावर मागे घेत राहून तो सुटत नाही, पुढे घेऊनच सरळ करावा लागतो. इंदूरच्या चोइथराम भाजी मंडीत ट्रॉली लावणारे मुरलेले ट्रॅक्टरवाले पाहा. कोन बिघडला की लगेच पुढे घेतात, पुन्हा मागे येतात. त्यात कमीपणा नाही. दशहरा मैदान रिकामं असेल तेव्हा दोन विटा ठेवून सराव केलात तर हे लवकर हाताला बसतं.

मदतीला माणूस एकच. आपल्याकडे चारजण “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतात आणि “थांबा” कोणीच म्हणत नाही. खुणा आधी ठरवा. त्या माणसाला तुमचा आरसा दिसत नसेल, तर तुम्हालाही तो दिसत नाही. दिसेनासा झाला की ब्रेक.

मागे घेताना ट्रेलर जड लागतोय, चाकं धरतायत? ढकलल्यावर आपोआप लागणारा ब्रेक असेल तर असं होतं. जुन्या ट्रेलरला तो ब्रेक लागू नये म्हणून हुकाजवळ अडकवण होती, ती रिव्हर्सआधी लावून पाहा.

जागेत बसला म्हणून लगेच हुक सोडू नका. आधी खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी घालून डावं-उजवं सारखं करा. मग ट्रेलरचा हँडब्रेक ओढा, दोन्ही चाकांना पुढूनमागून लाकडी ठोकळे घट्ट बसवा आणि त्यानंतरच साखळ्या, वायर, हुक. पाण्याकडे उतरत्या काठावर ठोकळे लावायचं काम मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही.