कमिटचा हक्क मिळाला, तरी पुश होईना

एका ओपन सोर्स प्रकल्पाला बरेच पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) दिल्यावर मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, मला रेपोत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) लिहिण्याचा हक्क दिला. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवरचं आमंत्रण स्वीकारलं (ते ७ दिवसांत बाद होतं), पण पुश केलं, म्हणजे माझे बदल तिथे पाठवले, की ‘परवानगी नाकारली’. पुल (तिथले बदल उतरवून घेणं) मात्र सुरळीत! अर्थात सार्वजनिक रेपोचं पुल कुणालाही जमतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

गोम एररच्या ओळीतच होती. तिथे नाव होतं माझ्या ऑफिसच्या खात्याचं. एकाच लॅपटॉपवर दोन खाती, आणि एसएसएच (गिटहबशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्राम) आधी ऑफिसची ‘की’ (ओळख पटवणारी डिजिटल किल्ली) पुढे करत होतं. तीच की दुसऱ्या खात्याला जोडता येत नाही.

मग ‘एडी२५५१९’ प्रकारची नवी की बनवून तिचा उघड करायचा भाग, म्हणजे पब्लिक की, घरच्या खात्यात टाकली. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये होस्टला (गिटहबच्या सर्व्हरला) ‘गिटहब-घर’ हे टोपणनाव, खाली खरं होस्टनेम, नव्या कीचा पत्ता आणि ‘आयडेंटिटीजओन्ली येस’ (फक्त इथे दिलेलीच की वापर). ही शेवटची ओळ गाळू नका. नाहीतर एजंटमधली (की लक्षात ठेवणाऱ्या प्रोग्राममधली) जुनी की पुन्हा आधी घुसते. रिमोटचा (गिटहबवरच्या रेपोचा) पत्ता ‘सेट-यूआरएल’ने त्या टोपणनावावर वळवला आणि पुश गेलं.

कमिटवर (नोंदवलेल्या प्रत्येक बदलावर) ईमेल मात्र अजून ऑफिसचाच उमटत होता, तो ‘यूझर.ईमेल’ने त्या रेपोपुरता बदलला.