डायनासोरवाल्या पोरापोरींनो, बी.एस्सी.चे विषय भरण्याआधी हे वाचा

कॅनडातल्या त्या चिलखती डायनासोरचा फोटो कुठून तरी फिरत येतो आणि मग मला विचारणा सुरू होते, "ताई, यात करिअर करायचं तर काय करावं लागते?" फोटो आहेच तसा. बोरिअलोपेल्टा. नुसता सांगाडा नाही, कातडी, खवले, खांद्यावरचे काटे सगळं जागच्या जागी, दुपारी झोपलेल्या जनावरासारखं. वय सुमारे ११ कोटी वर्षं.

तर सरळ सांगते. बारावीनंतर भूशास्त्र घ्या. जिऑलॉजी. झूलॉजी नाही.

मला ज्या सरांनी सल्ला दिला ते भले माणूस होते. "डायनासोर म्हणजे प्राणीच ना? मग झूलॉजी घे." आमच्या तालुक्याच्या कॉलेजात जिऑलॉजी नव्हतंच, त्यामुळे घरच्यांनाही ते पटलं. डिग्री हातात आली, एम.एस्सी.चा फॉर्म काढला, तर पात्रतेत लिहिलेलं: पदवीला भूशास्त्र विषय हवा. आपल्याकडे जीवाश्मशास्त्र बहुतेक ठिकाणी भूशास्त्र विभागातच शिकवतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं तर यूपीएससीची परीक्षा, आणि तिथेही भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागतात. म्हणजे बेडूक कापून मिळवलेला फर्स्ट क्लास तिथे चालत नाही. बाबा म्हणाले, "काहून पुन्हा फर्स्ट इयर?" पुन्हा बसले. वर्गातली पोरं पहिले काही दिवस मला मॅडम समजून उठून उभी राहायची.

पुन्हा सांगते, कारण हे ऐकूनही लोक झूलॉजीच भरतात. प्राणी मेल्यावर त्याचं पुढे काय होतं हे दगड ठरवतो. बोरिअलोपेल्टा जमिनीवर राहणारा. मेल्यावर वाहत समुद्रात गेला, फुगून तरंगला, मग बुडाला आणि तळाच्या गाळात पाठीवर पडला. त्याच्याभोवती लवकरच सिडेराइट या लोहखनिजाचं कठीण कवच तयार झालं, म्हणून कातडी वाचली. आता सांगा, यातलं झूलॉजीत काय शिकवतात? २०११ मध्ये अल्बर्टातल्या एका खाणीत शॉन फंक नावाच्या ऑपरेटरच्या मशिनला तो लागला. त्याला खडकाचा रंग-पोत वेगळा दिसला आणि त्याने काम थांबवलं. त्याचीही नजर दगडावरच होती.

हे वाचून वणी-चंद्रपूरच्या कोळसा खाणींकडे धावू नका. आपला कोळसा पर्मियन काळातला, डायनासोर जन्माला यायच्या आधीचा. त्यात ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची सुंदर पानं मिळतील, डायनासोर नाही. आपले डायनासोर लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरात, डेक्कनच्या लाव्हाच्या खाली. वरोरा तालुक्यातलं पिसदुरा यासाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. पण तिथे गेलात तर आधी निराश व्हाल. वावरात हाडांचे तुकडे मिळतात, फुटलेले, झिजलेले. कातडी-बितडी विसरा. हाडं नदी-तळ्याकाठच्या मातीत उघड्यावर पडून राहिली, मग गाडली गेली. त्यातल्या त्यात नशीब डोंगरगावचं. तिथून इसिसॉरस नावाच्या डायनासोरचा सांगाडा निघाला, कवटी आणि मागचे पाय नसूनही भारतातल्या सगळ्यात चांगल्या सांगाड्यांपैकी एक. नावातला 'इसि' म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, आय.एस.आय.; तिच्याच लोकांनी तो खणला. आकडेवारीच्या संस्थेत डायनासोर, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय वावरात पाय ठेवू नका. तूर उभी असताना तर नाहीच. तुकडा दिसला की उचलायचा नसतो. आधी फोटो, जागा, थर, वहीत नोंद. थर माहीत नसलेलं हाड शोकेसमध्ये शोभतं, संशोधनाच्या पेपरात नाही.

शॉर्टकटवाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे. सर्टिफिकेट कोर्स करून कोणी प्रिपरेटर, म्हणजे जीवाश्म दगडातून मोकळा करणारा, होत नाही. बोरिअलोपेल्टा दगडातून मोकळा करायला मार्क मिचेल यांना सुमारे ७,००० तास लागले, पाच वर्षांहून जास्त काळ. म्हणूनच त्या जातीला मार्कमिचेली नाव दिलं. आणि इथे पोरं हाड साफ करायला बाथरूमचं ॲसिड विचारतात! तुटलेलं हाड फेविक्विकने चिकटवू नका. प्रयोगशाळेत पॅरालॉइड बी-७२ नावाचं चिकटद्रव्य वापरतात, ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळतं, म्हणजे पुढच्या माणसाला ते काढता येतं.

गाइड निवडताना एक बघा. पहिल्याच आठवड्यात हातोडा देतो त्याच्यापासून जरा लांब. वही देऊन दिवसभर एकाच नाल्याचा काठ रेखाटायला लावतो, त्याला सोडू नका, कितीही चिडका असला तरी. माझे तसेच होते.

झूलॉजी-बॉटनी आधीच झाली असेल तर रडत बसू नका. रस्ता संपत नाही, वळसा पडतो. पिसदुऱ्याला डायनासोरच्या शेणाचेही दगड मिळतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण शोधले, २००५ मध्ये. डायनासोरच्या काळात गवत होतं हे त्यातून कळलं, आणि ते काम वनस्पती ओळखणाऱ्यांचं. तिथे बॉटनीवाल्याला भाव आहे. काही विद्यापीठं दुसऱ्या विज्ञान शाखेलाही एम.एस्सी.ला घेतात, पण त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः उघडून पात्रतेची ओळ वाचा, कोणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. माझ्याही नाही.

पैशाचं विचाराल तर मी अजून प्रकल्पावर, कंत्राटी आहे. प्रकल्प संपला की पगार संपतो. घरी हे आधीच सांगून ठेवा, आणि यूपीएससीचा फॉर्म सोबत भरत राहा.