पतधोरणावर लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञाचं काम कसं जोखावं

कुणाचंही काम बघायला घेतलं की मी गूगल स्कॉलर (गूगलचा शोधनिबंध शोधण्याचा मंच) आणि आयडियाज (अर्थशास्त्रीय निबंधांची ऑनलाइन सूची) शेजारी-शेजारी उघडते. दोन्हींतले उद्धरणांचे, म्हणजे इतरांनी त्या कामाचा किती वेळा संदर्भ दिला याचे, आकडे जुळतील अशी अपेक्षा धरू नका. आयडियाज रीपेक या अर्थशास्त्राच्या माहितीसाठ्यात नोंदलेलं अर्थशास्त्रच मोजतं. स्कॉलर प्रबंधांपासून अहवालांपर्यंत सगळं गोळा करतं.

मग यादी साफ करा. खरी मेहनत इथेच आहे. एकच शोधनिबंध आधी मध्यवर्ती बँकेचा वर्किंग पेपर (छापण्याआधीचा मसुदा) म्हणून येतो, कधी एनबीईआर या अमेरिकेतल्या आर्थिक संशोधन संस्थेचा म्हणूनही, आणि काही वर्षांनी नियतकालिकात छापून येतो. मधल्या काळात शीर्षकही बदललेलं असतं. सारांश वाचून अशा नोंदी एकत्र करा. नाहीतर एकच काम तीनदा मोजलं जातं आणि उद्धरणं मात्र विखुरतात. नामसाधर्म्यही तपासा.

एच-इंडेक्स सोपा आहे: किमान २० उद्धरणं असलेले २० निबंध, तर इंडेक्स २०. पण त्यावर विसंबणं मला पटत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांचा १९९३ चा निबंध बघा. महागाई १ टक्क्याने वाढली तर व्याजदर दीड टक्क्याने वाढवा, असं सांगणारं सूत्र, म्हणजेच ‘टेलर रूल’, त्यात आहे. एच-इंडेक्सच्या हिशेबात तो फक्त एक निबंध. शिवाय आता पुष्कळजण नुसतं ‘टेलर रूल’ लिहून पुढे जातात, मूळ निबंधाचा संदर्भ देतच नाहीत. म्हणून नावानेही शोधा.

उद्धरण करणारे चार-पाच निबंध प्रत्यक्ष उघडा. नाव प्रस्तावनेतल्या लांबलचक यादीत आहे, की मूळ निबंधातल्या प्रारूपावरच (मॉडेलवरच) पुढचं गणित उभं आहे, हे लगेच कळतं. आणि प्रत्येक आकड्यापुढे तो पाहिल्याची तारीख टाका.